एका गळ्यातले आम्ही दोघं

मी मफलर बोलतोय. जरा हळू बोलतो, सांभाळून घ्या. लोकरीला मोठा आवाज नसतो. मोठा आवाज तिला आहे, शिट्टीला. तिचं नाव इतक्यात काढायचं नव्हतं मला, पण निघालंच. मनात जे सलतं ते आधी तोंडावर येतं.

मी हिरवा-पांढरा आहे. आमच्या फुटबॉल क्लबचे रंग तेच. पण नीट पाहिलंत तर माझ्यात तीन वेगवेगळे हिरवे दिसतील. आधी गडद, मग पोपटी, शेवटी शेवाळासारखा. लोकर संपत गेली आणि दुकानात तोच रंग पुन्हा मिळाला नाही, म्हणून तसं झालं. लांबीला मी दीड माणूस आहे. गळ्याभोवती दोन वेढे घेतले तरी माझी टोकं मांडीपर्यंत लोंबतात. लोक हसतात. हसू देत. माझ्या लांबीला कारण आहे.

माझे धनी किल्ल्या बनवतात. बाजाराच्या कोपऱ्यावर, घड्याळजी आणि झेरॉक्सवाल्याच्या मध्ये त्यांची टपरी आहे. एक माणूस बसेल आणि एक उभा राहील, एवढीच जागा. भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, आणि घासायच्या यंत्राखाली पितळेचा सोनेरी भुसा. सगळे त्यांना किल्लीवाले म्हणतात. त्यांच्या बायकोला सगळी आळी काकू म्हणते, मीही म्हणतो. लग्न नवं होतं तेव्हा काकू शेजारणीकडून विणकाम शिकत होत्या. सुलटे टाके शिकून झाले, उलटे शिकून झाले. टाके बंद कसे करायचे तेवढं शिकायचं राहिलं, आणि शेजारणीच्या नवऱ्याची बदली झाली. "पुढच्या महिन्यात येईन गं, तोवर विणत राहा," असं म्हणून ती गेली. काकू विणत राहिल्या. शेजारीण काही आली नाही.

"अगं, किती लांबवतेस? मी काय जिराफ आहे?" किल्लीवाले म्हणाले.

"बंद करता येत नाही मला. सुई काढली की उसवतोय हा."

"मग विचार कुणाला तरी."

"विचारेन हो. घाई काय आहे?"

घाई होती. हंगामाचा पहिला सामना आला होता आणि थंडी कडाक्याची होती. किल्लीवाल्यांनी एक भली मोठी सेफ्टी पिन आणली, शेवटच्या ओळीचे सगळे टाके तिच्यात ओवले, पिन मिटली आणि मला गळ्यात घालून ते सामन्याला गेले. माझा जन्म हा असा अर्धवट. एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकाला सगळा जीव एका पिनेवर.

पण काय दिवस होते ते!

स्टेडियमच्या जुन्या बाजूला, लाकडी बाकांच्या सगळ्यात वरच्या ओळीत आमची जागा होती. शेजारी काकूंचा धाकटा भाऊ, म्हणजे किल्लीवाल्यांचा मेहुणा. तो ओरडायचा आमच्या दोघांच्या वाटचं. किल्लीवाले मुळात कमी बोलणारे. गोल होणार असं वाटलं की त्यांचा हात मुकाट्याने माझ्या टोकाशी यायचा आणि बोटं पिनेशी चाळा करायची. गोल झाला तरी पिन, हुकला तरी पिन. त्यांच्या मनात काय चाललंय हे त्या बाकावर फक्त मला कळायचं.

हेव्याची सवय मला तिथेच लागली. मेहुण्याचा मफलर दुकानातला होता. यंत्रावर विणलेला, कडा सरळ, वर क्लबचं चिन्ह छापलेलं. तो माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. मी जळायचो. मग एका धुण्यात त्याचं चिन्ह निघून गेलं आणि मला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

क्लब तेव्हा सभासदांचा होता. वर्षाची वर्गणी भरायची, वर्षातून एकदा सभेत कडाकडा भांडायचं आणि चहा पिऊन एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून घरी जायचं. स्टेडियमच्या मागे एक लहान मैदान होतं. तिथे मास्तर पोरांना शिकवायचे. मास्तर म्हणजे आमच्याच संघाचे एके काळचे बचावपटू. गुडघा गेला, पण शिट्टी सोडली नाही. त्या मागच्या मैदानातूनच पोरं पुढच्या मैदानात यायची. डाव्या बाजूने पळणारा बेकरीवाल्याचा मुलगा होता, गोलरक्षक आमच्या घड्याळजींचा पुतण्या. त्याने चेंडू अडवला की घड्याळजी सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "लहानपणी भांडी पण नाही पडू द्यायचा हातातून!"

मग क्लबला मालक आले. इमारतीच्या सामानाचा मोठा व्यापार होता त्यांचा. सभेत त्यांनी नव्या स्टेडियमची मोठमोठी चित्रं दाखवली. सभासदांनी हात वर केले, आणि क्लब त्यांचा झाला.

"दाजी, आता बघा तुम्ही," मेहुणा बाकावर उडत म्हणाला. "आता पैसा आलाय. आता आपण वर जाणार!"

"आलाय खरा," किल्लीवाले म्हणाले. "कुठून आलाय पण?"

"तुम्हाला काय करायचंय? गाय दूध देते ना, मग गोठा कशाला मोजता?"

किल्लीवाल्यांनी विषय किल्लीवर आणला. त्यांचं असंच असतं. "किल्लीला सोन्याचं पाणी दिलं की ती चमकते रे. ती फिरणार का, ते कुलूप ठरवतं."

मालकांनी बाहेरून एक स्ट्रायकर आणला. त्याचा पगार वर्तमानपत्रात छापून आला तेव्हा झेरॉक्सवाल्याला आधी ती छपाईची चूक वाटली. तिकिटं महागली. लाकडी बाकं जाऊन प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला त्यांच्या फटीत अडकायची भीती वाटू लागली. स्ट्रायकरने सुरुवातीला गोल केले, खोटं का बोला. आम्हीही उड्या मारल्या. पण घरी जाताना किल्लीवाले मेहुण्याला विचारायचे, "याचा पाय दुखला तर मागे कोण आहे?" मेहुणा पुढच्या सामन्याचं काढायचा.

एक दिवस क्लबच्या ऑफिसातून टपरीवर निरोप आला. मागच्या मैदानाच्या फाटकाला भक्कम कुलूप बसवायचंय. किल्लीवाले मला गळ्यात घालून लगेच निघाले. चाल बदलली होती त्यांची. क्लबने बोलावलं होतं ना! दुकानातलं सगळ्यात चांगलं कुलूप नेलं, कडी नवी ठोकली, तेल घातलं, फिरवून पाहिलं.

"किती झाले?" ऑफिसातल्या कारकुनाने विचारलं.

"क्लबच्या कामाचे कसले पैसे घ्यायचे साहेब!"

दोन्ही किल्ल्या कारकुनाच्या हातात ठेवून आम्ही शीळ घालत परत आलो. इतका खूश माणूस मी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच रस्त्याने जाताना पाहिलं, तर फाटकाबाहेर पोरं उभी होती. बूट गळ्यात अडकवलेले. मास्तर चेंडूंची जाळी घेऊन भिंतीला टेकले होते. आत एक ट्रक खडी ओतत होता आणि पाटी लागली होती, की इथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहतील. मुलांचा विभाग बंद. परवडत नाही म्हणे.

त्या पोरांत एक मुलगी होती. गोल राखायची. प्रत्येक निकालावर वाद घालायची म्हणून तिला सगळे वकील म्हणायचे. ती पुढे आली.

"किल्लीवाले काका, हे कुलूप कुणी लावलं हो?"

त्यांनी माझं टोक हातात धरलं. "मी लावलं."

 खडी ओतल्याचा आवाज तेवढा आला.

"मग काढा ना," वकील म्हणाली. "तुम्हाला तर किल्लीपण लागत नाही."

"काढता येतं गं. पण काढायचं नसतं. कुलूप त्यांचं आहे."

"आणि मैदान कुणाचं आहे?"

 किल्लीवाल्यांची बोटं पिनेवर नुसती घट्ट होत गेली. मी तर तेव्हा तिला मनात म्हटलं, गप गं पोरी, माझ्या माणसाला छळू नकोस.

मास्तर लंगडत जवळ आले. ते लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला निघाले होते. इथे आता त्यांना काही उरलंही नव्हतं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि न विचारता माझ्या धन्याच्या गळ्यात घातली.

"अहो मास्तर, मला काय येतं? मी नुसता बघणारा माणूस."

"जन्मभर बघितलंत ना? मग तेच सांगा त्यांना. पोरं पळतात आपली आपण. कधी थांबायचं एवढंच सांगावं लागतं. त्याला ही आहे."

ती अशी आली. जुनी पितळी शिट्टी, काळ्या दोरीत, पोटात एक मणी. माझ्या खालून सरकून ती त्यांच्या छातीला लागली तसे ते शहारले. मला वाटलं, असू दे. मी वर आहे, ती खाली आहे. आली आहे पाहुणी म्हणून, जाईल दोन दिवसांनी.

पाण्याच्या टाकीमागे एक मोकळी जागा होती. किल्लीवाल्यांनी पोरांना घेऊन तिथले दगड वेचले. एका बाजूला कुंपणाची जुनी चौकट उभीच होती, तिचा एक गोल झाला. दुसऱ्या बाजूला त्यांनी दोन लोखंडी पाइप रोवले. वरचा दांडा मात्र मिळाला नाही. दांड्यावाचून रोज भांडण. चेंडू वरून गेला की खालून गेला? वकील तर एकेका गोलवर खटला चालवायची.

पहिल्या आठवड्यात मी तिथे गळ्यात होतो. किल्लीवाले पोरांबरोबर पळायला लागले. या वयात! माझं टोक त्यांच्या पायात आलं आणि ते आडवे झाले. पोरं खो खो हसली, तेही हसले. उठून त्यांनी मला काढलं, घडी केली आणि एका विटेवर ठेवलं. घरी गेल्यावर मला खुंटीवर टांगलं. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी फक्त तिला घेतलं.

मला वाटलं, विसरले असतील.

विसरले नव्हते. त्यांनी सामन्यालाच जाणं सोडलं होतं. क्लबने त्यांच्या हातून ते कुलूप लावून घेतलं, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. तसं बोलले नाहीत कुणाकडे. पण सामन्याच्या दिवशी ते टाकीमागे जायचे आणि मी खुंटीवरून दार बंद होताना बघायचो.

तुम्हाला खुंटी माहीत नाही. सगळं घर दिसतं तिथून, आणि कुणाला तुम्ही दिसत नाही. स्वयंपाकघराचा पडदा, चपलांचा कोपरा, भिंतीवर पोपडे धरलेला एक डाग. मी तो डाग पाठ केला.

त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळी तीही त्याच खुंटीला यायची. दमून, धुळीने माखून, अजून ऊन ऊन. माझ्यात त्यांच्या गळ्याचा वास होता, तोही आता विरत चालला होता. तिच्यात त्यांचा ताजा श्वास. वाऱ्याने हलली की पोटातला मणी खुळखुळायचा. ती मुद्दाम करायची असं मला वाटे. एकदा मी मनातल्या मनात म्हटलं, तुझा मणी हरवो. एकदा म्हटलं, त्या पोरांना कंटाळा येवो. लोकर मऊ असते म्हणून तिचं मनही मऊ असतं असं समजू नका.

काकूही चिडवायच्या. "आधी तो क्लब माझी सवत होता. आता ही दुसरी तर गळ्यातच पडलीय."

"ही घरी तरी येते," किल्लीवाले जेवता जेवता म्हणायचे.

आणि मग पोरांच्या गोष्टी. एरवी दोन शब्दांत जेवण उरकणारा माणूस, पण पोरांचं निघालं की भात ताटात निवायचा. "सगळी चेंडूमागे पळतात गं, गुळाला मुंग्या लागाव्यात तशी. मी त्यांना किल्ली दाखवली. म्हटलं, हे दाते बघा. एक उंच, एक खोल. सगळे एकाच जागी गेले तर दार उघडेल का?"

"कळलं त्यांना?"

"वकील म्हणाली, काका, मग मी कुठला दाता? म्हटलं, तू दाता नाहीस. तू कुलूप आहेस."

काकू हसल्या. मी नाही हसलो. मला इतक्या वर्षांत ते कधी काही म्हणाले नव्हते.

तिकडे क्लबचं वाटोळं होत गेलं. हे मला मेहुण्याकडून कळायचं. स्ट्रायकरचा गुडघा गेला. मग पगार थकले. मग स्ट्रायकरच गेला. मागे उभं करायला घरचं पोर एकही नव्हतं, कारण मागच्या मैदानात खडी होती. मालक सामन्याला येईनासे झाले. शेवटचा सामना उरला. हरलो तर खालच्या गटात जायचं, आणि तसं झालं तर क्लबला टाळं लागेल अशी गावभर चर्चा होती.

मेहुणा दोन तिकिटं घेऊन आला. तिकिटं टेबलावर ठेवून खुर्चीत बसला.

"दाजी, रविवारी दुपारी. नाही म्हणायचं नाही."

"रविवारी दुपारी पोरांचा सामना आहे. पहिलाच."

"कुणाशी?"

"नदीपलीकडच्या शाळेशी."

मेहुण्याने कपाळाला हात लावला. "अहो, इकडे क्लब मरायला टेकलाय आणि तुम्ही टाकीमागे गोट्या खेळणार? बाप आजारी पडला तर पोरगा घर सोडून जातो का?"

"नाही जात."

"मग?"

"पण बाप आजारी म्हणून पोरांना उपाशी ठेवतात का?"

"बोलायला बरे शिकलात हो आता! त्या वकिलीणबाईची संगत." मेहुणा उठला. दारात थांबून म्हणाला, "खरं सांगू का दाजी? तुम्हाला क्लबचं काही पडलेलंच नाही. तो मफलर पण उगाच ठेवलाय. टाका पुसायला."

तो गेल्यावर किल्लीवाले माझ्यासमोर येऊन उभे राहिले.  माझी पिन हातात घेतली, सोडली. त्यांचे डोळे मी इतक्या जवळून कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. मी ओळखलं. मेहुण्याचे शब्द त्यांना लागले होते. आणि मला, देवाशपथ, आनंद झाला. आता जाणार. आता मला घेऊन जाणार. बस म्हटलं बाई, तू एकटी खुंटीवर.

रविवारी त्यांनी मला खाली काढलं. झटकलं. पितळेचे जुने कण उडाले. गळ्याभोवती एक वेढा, दोन वेढे. मी इतका घट्ट बसलो की ते खोकले. खुंटीवर ती एकटी लटकत होती. मी तिच्याकडे असं पाहिलं, की काय सांगू!

"अहो, शिट्टी राहिली," काकू पाण्याची कळशी भरता भरता म्हणाल्या.

किल्लीवाल्यांनी तिला काढलं आणि खिशात टाकलं. खिशात! गळ्यात मी आणि खिशात ती, किल्ल्यांच्या आणि चिल्लरच्या बरोबर. मला आणखी काही नको होतं.

टाकीकडे आणि स्टेडियमकडे जायचा रस्ता चौकात फुटतो. डावीकडे स्टेडियम. हिरव्या-पांढऱ्या कपड्यांचा लोंढा तिकडे चालला होता. घड्याळजींनी हाक मारली, "काय किल्लीवाले! अखेर आलात! चला, खांदा द्यायला माणसं लागतील!"

ते थांबले. हात पिनेवर आला. वाराही डावीकडेच वाहत होता, माझी दोन्ही टोकं तिकडे उडत होती. जेवढं वजन अंगात आहे तेवढं लावून मी त्यांना तिकडे ओढलं. मला त्या खुर्च्यांची फट चालली असती, मेहुण्याचा मफलर चालला असता, हारसुद्धा चालली असती.

ते उजवीकडे वळले.

माझ्या अंगाला तेव्हा गाठ कशी बसली नाही, हेच नवल. मग मला घेतलंतच कशाला, असं मी विचारणार तोच ते हळूच पुटपुटले, "पोरांकडेही कुणीतरी आपल्या रंगाचं हवं ना."

नदीपलीकडची पोरं एकसारख्या कपड्यांत आली होती. आमची पोरं ज्याची त्याची. त्यांच्याबरोबर त्यांच्या शिकवणाऱ्या बाई होत्या, तरतरीत आणि तोंडाने फटकळ. पंच म्हणून शिट्टी वाजवायची आमच्या किल्लीवाल्यांनी, कारण मैदान आमचं. त्यांनी तिला खिशातून काढून गळ्यात घातलं. पुन्हा आम्ही दोघं एका गळ्यात. मी तोंड फिरवलं.

सुरुवातीलाच आमच्या पोरांनी एक गोल केला. मग नदीपलीकडच्या एका उंच मुलाने चेंडू असा मारला की तो पाइपांच्या मधून, वरच्या अंगाने सणसणत गेला.

"गोल!" तिकडची पोरं ओरडली.

"वरून गेला, वरून!" आमची ओरडली.

बाई तरातरा मैदानात आल्या. "दांडा नाही, जाळी नाही, आणि पंच तुमचेच. हे असलं आम्ही खेळणार नाही. चला रे, बॅगा उचला."

पोरांची तोंडं उतरली. किल्लीवाले म्हणाले, "बाई, माझ्या नजरेला तो खालून गेला. गोल देतो मी."

"काका!" वकील किंचाळली. आमची सगळी पोरं त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघायला लागली.

"हा दिलात," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी काय? पुन्हा अंदाज?"

वकीलने कमरेवर हात ठेवले. एका पाइपाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुमचा मफलर केवढा आहे?"

किल्लीवाल्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. "नाही गं. हा... हा बंद केलेला नाही. पिनेवर आहे. चेंडू बसला की उसवत जाईल. पिन उघडली तर कुणाच्या डोळ्यात जायची."

"द्या इकडे," मागून काकू म्हणाल्या. त्या कळशी घेऊन पोरांचा खेळ बघायला पहिल्यांदाच आल्या होत्या. विटेवर बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "आणि ती तुमची आकडी द्या. तुटलेली किल्ली कुलपातून ओढायची."

त्यांनी खिशातून बारीक लोखंडी आकडी काढून दिली. काकूंनी माझी पिन उघडली. मी श्वास धरला. आकडीने त्यांनी एक टाका उचलला, दुसरा त्यातून ओढला. मग तिसरा. एकेक टाका मिटत गेला. दोन्ही संघ भोवती गोल करून बसले होते. बाईसुद्धा वाकून बघत होत्या.

"तुला येतं हे?" किल्लीवाल्यांनी विचारलं.

"केव्हाचं येतं."

"मग इतकी वर्षं केलं का नाहीस?"

काकूंनी वर पाहिलं नाही. "धाकटा सांगायचा, तुम्ही मॅचला त्या पिनेशीच खेळत बसता. म्हटलं, ओरडता येत नाही या माणसाला. राहू दे तेवढी पिन."

त्यांनी शेवटचा टाका ओढून धागा तोडला. पिन आपल्या पदराला लावली. मी बंद झालो. इतक्या वर्षांनी माझं विणकाम त्या विटेवर संपलं.

मग मला दोन पाइपांना बांधलं. ज्या लांबीला सगळं स्टेडियम हसलं ती लांबी बरोबर पुरली. गाठी मारून वर चार बोटं उरली.

खरं सांगतो, पहिल्यांदा अपमानच वाटला. गळ्यातला मी, आता लोखंडाला! आणि समोर गळ्यात ती एकटी. पण इतकी वर्षं मी त्यांच्या हनुवटीखालून जग पाहिलं होतं. त्यांना समोरून कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी गाल फुगवले, आवाज निघाला आणि बावीस दिशांना पळणारी पोरं थांबून त्यांच्याकडे बघायला लागली. कधी न ओरडलेला माणूस. त्याचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला. मला ते कधी जमलं नसतं. मी त्यांचं न बोलणं सांभाळलं होतं, ती बोलत होती.

तेवढ्यात स्टेडियमकडून मोठा आवाज उठला. हजारो माणसांचा. आनंदाचा की दुःखाचा, इतक्या लांबून कळेना. किल्लीवाल्यांची मान तिकडे वळली. हात सवयीने गळ्याशी गेला, पिन शोधत. पिन नव्हती. मीही नव्हतो. बोटांना ती सापडली. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा खेळाकडे वळले.

शेवटी शेवटी तो उंच मुलगा पुन्हा सुटला. वकील पुढे धावली. त्याने तिच्या डोक्यावरून चेंडू मारला आणि तो थेट माझ्यावर आला, माझ्या पोपटी भागावर. मी हलेन, वाकेन, पण ओल्या दोरीसारखा पडणार नाही, असं ठरवलं. चेंडू आदळला. दोन्ही गाठी करकरल्या. चेंडू माझ्यावरून घसरला आणि पलीकडे गेला.

"वरून!" वकील ओरडली.

"वरून," बाई म्हणाल्या. त्यांनी मान हलवली. कुणी भांडलं नाही.

सामना बरोबरीत सुटला. पोरं अशी नाचली, जणू चषकच मिळाला.

ऊन कलल्यावर मेहुणा आला. सरळ स्टेडियमवरून. चेहऱ्यावरूनच कळलं. काकूंनी त्याला पाणी दिलं. तो विटेवर बसून राहिला, मफलर गुडघ्यांत.  मग त्यानेच विचारलं.

"तुमचं काय झालं?"

"बरोबरी," किल्लीवाले म्हणाले.

मेहुण्याने मला पाइपांवर पाहिलं आणि इतक्या दुःखातही फसकन हसला. "दाजी, पुसायला टाका म्हटलं होतं मी. वाळत घालायला नव्हतं सांगितलं."

क्लब खाली गेला. मालक तर कधीच दिसेनासे झाले. आता सभासद पुन्हा एकत्र येतायत, क्लब आपल्या हातात घ्यायचा म्हणतात. वर्गणीसाठी माणसं टपरीवरही आली होती. किल्लीवाल्यांनी मशीन थांबवलं आणि म्हणाले, "देतो. पण आधी मागच्या फाटकाची किल्ली पोरांच्या हातात द्या. तिथून सुरुवात झाली तर पैसे राहतील. नाहीतर पुन्हा कुणीतरी येईल चित्रं घेऊन." ती माणसं विचार करतो म्हणून गेली आहेत. कुलूप अजून तसंच आहे. गंज चढतोय.

तोवर मी टाकीमागे. खेळ संपला की किल्लीवाले माझ्या गाठी सोडतात, घडी करतात, घरी नेतात. रात्री खुंटीला आम्ही दोघंही असतो, दोघंही धुळीने माखलेले. मणी खुळखुळतो. आता तितका टोचत नाही. पण हेवा गेला असं मी म्हणणार नाही. सकाळी ते तिला आधी उचलतात, मग मला. रोज. मी मोजत नाही, पण दिसतं.

तुम्ही कधी त्या बाजूला आलात तर या. कुणाची ओळख लागत नाही. चेंडू असेल, पोरं असतील. आणि पोरांनो, माझी काळजी करू नका. मी आता बंद आहे, उसवत नाही. मारा बिनधास्त, अंगात असेल नसेल तेवढ्या जोराने मारा. पण खालून मारा रे. गोलची शिट्टी वाजवताना मला किल्लीवाल्यांचे गाल फुगलेले बघायचे असतात.